माग वाकडा नव्हता

आपल्या तंत्रनिकेतनाच्या सुवर्णमहोत्सवाचं पत्र आलं तेव्हा मी चाकणला प्लँटमध्ये होतो. 'स्मरणिकेसाठी आपले मनोगत पाठवावे' एवढंच लिहिलं होतं. त्या दिवशी कामात लक्ष लागलं नाही. रात्री घरी आल्यावर कपाटाच्या खालच्या खणातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक लोखंडी पट्टी काढली. ५ मिलिमीटर जाडीची, वीतभर लांब, दोन्ही टोकांना लांबट भोकं. ती हातात घेतली आणि सर समोर उभे राहिले.

सर म्हटलं की आपल्या मेकॅनिकलच्या मुलांना एकच सर आठवतात. नाव लिहायची गरज नाही. पांढरा हाफ शर्ट, खिशात स्टीलची सहा इंची पट्टी, आणि वर्कशॉपच्या दारात उभं राहून "काय करताय?" एवढा एकच प्रश्न.

१९९७ साली शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आम्हा चौघांना सरांनीच दिला. यंत्रमागावर ताण्याचा, म्हणजे उभा धागा तुटला की माग आपोआप थांबला पाहिजे. साध्या मागावर आडवा धागा तुटला तर थांबवायला वेफ्ट फोर्क असतो. उभ्या धाग्याला मात्र विणकराच्या नजरेशिवाय कोणी नाही. एका माणसाकडे दोन माग, मिनिटाला शंभर-सव्वाशे वेळा धोटा इकडून तिकडे. नजर चुकली की टॉवेलात हातभर रेघ पडते आणि तो माल 'सेकंड', म्हणजे दुय्यम प्रतीचा ठरतो. मजुरी कापली जाते ती विणकराची.

युक्ती नवी नव्हती, मोठ्या गिरण्यांत ती जुनीच. प्रत्येक धाग्यावर पोलादाची पातळ पत्ती टांगायची. धागा ताठ असेपर्यंत पत्ती वर राहते. तो तुटला की ती खालच्या दांडीवर पडते, १२ व्होल्टचं सर्किट पूर्ण होतं आणि सोलेनॉइड, म्हणजे विजेवर खेचणारं चुंबक, मागाचं हँडल सोडवतो. आम्हाला ते सोलापूरच्या पूर्व भागातल्या छोट्या कारखानदाराला परवडेल इतक्या पैशात करायचं होतं. पत्त्या आम्ही एका बंद गिरणीच्या भंगारातून वजनावर आणल्या. दोनशेच मिळाल्या, म्हणून मागाच्या एका पट्ट्यापुरतंच काम करायचं ठरलं.

ड्रॉइंग मी काढलं. रात्र रात्र बोर्डावर बसून, अर्ध्या मिलिमीटरपर्यंत मापं टाकून. शीट इतकं स्वच्छ झालं होतं की वर्गातली मुलं बघायला येत. मापं आम्ही कॉलेजातल्या मागावरून घेतली होती.

शनिवारी दुपारी साखर पेठेच्या पलीकडे एका कारखान्यात हे सगळं मागाच्या फ्रेमला धरून ठेवणारी लोखंडी पट्टी बसवायला गेलो. आठ माग, वर पत्रा, मार्चचं ऊन. पट्टी फ्रेमला लावली तर भोक सहा मिलिमीटर खाली. शेजारच्या मागाला लावली तर चार मिलिमीटर वर. तिसऱ्या मागावर तर फ्रेमलाच माग दुरुस्त करणाऱ्या कुण्या जॉबरने नवं भोक पाडलं होतं. घामाघूम होऊन मी म्हणालो, "सर, हे मागच वाकडे आहेत."

सर काही क्षण माझ्याकडे बघत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "हा माग वीस वर्षं टॉवेल काढतोय. त्यावर एका घराची चूल पेटते. तुझी पट्टी काल जन्माला आली. मग वाकडं कोण?"

मी खाली मान घातली. सर मात्र थांबले नाहीत. सुताच्या पोत्यावर बसले, खिशातली मापाची पट्टी काढली, आमच्या लोखंडी पट्टीवर भोकाच्या वर-खाली रेघा मारल्या, पंच ठोकला. शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडून आहे त्या भोकाच्या दोन्ही अंगांना आणखी एकेक भोक पाडून आणायला लावलं. आणलेली पट्टी व्हाइसला धरून गोल कानशीने मधल्या भिंती स्वतः घासू लागले. लोखंडाचा कीस त्यांच्या शर्टावर पडत होता. आम्ही चौघं "सर, आम्ही करतो" म्हणत होतो, पण ते कानस सोडेनात. अर्ध्या तासाने गोल भोकाचं २५ मिलिमीटरचं लांब भोक झालं. पट्टी पहिल्या मागाला बसली, दुसऱ्याला बसली, तिसऱ्यालाही बसली. "आता माग कसाही असो," सर म्हणाले, "तुझं काम अडणार नाही."

सोमवारी गेलो तर पट्टी घसरून खाली आलेली. धोटा मारल्याचा हादरा सगळ्या फ्रेमला बसतो, तो आम्ही हिशेबात धरलाच नव्हता. रुंद वॉशर, स्प्रिंग वॉशर आणि डबल नट लावला तेव्हा ती टिकली. हे सरांना शनिवारीच माहीत होतं, याची मला आज खात्री आहे. त्यांनी ते आम्हाला सोमवारी शिकू दिलं.

पट्टी टिकली तसा पुढचा घोळ सुरू झाला. एकही धागा तुटलेला नसताना माग दर मिनिटाला थांबायला लागला. आम्ही दोन दिवस सर्किट तपासत बसलो. शेवटी माग चालवणारे मामा, घरी तेलुगू बोलणारे, आमच्याशी सोलापुरी मराठीत म्हणाले, "वरच्या बीमचं सूत ढिलंच असतंय की ओ. ढिलं नसलं तर टॉवेलाला लूप कसा उठंल?" टेरी टॉवेलाला दोन बीम, म्हणजे उभं सूत गुंडाळलेले दोन रूळ असतात. खालचा जमिनीचा, म्हणजे टॉवेलाच्या मूळ कापडाचा, ताठ ताणलेला. वरचा लूपचा, मुद्दाम सैल सोडलेला. आम्ही पत्त्या दोन्ही बीमच्या धाग्यांवर टांगल्या होत्या. सैल धाग्यावरची पत्ती खाली येणारच! सरांनी आम्हाला मामांच्या समोर उभं केलं आणि त्यांचे आभार मानायला लावले. वरच्या सुतावरच्या पत्त्या काढल्या आणि माग नीट चालला. चार दिवसांनी दांडीवर सुताचा फुसा साचून सर्किटच जुळेना, तेव्हा रोज संध्याकाळी ब्रशने झाडण्याची सूचना रिपोर्टात घातली.

रिपोर्ट लिहितानाही सरांनी एक हट्ट धरला. पहिलं प्रकरण 'काय चुकलं' या नावाचं हवं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच प्रकरण पूर्ण वाचलं आणि तासभर त्यावरच प्रश्न विचारले. माझं ते देखणं ड्रॉइंग त्यांनी उलटूनही पाहिलं नाही.

आज माझ्या हाताखाली ३५ इंजिनिअर आहेत. मोटारींचे पार्ट करतो, परदेशातही पाठवतो. नवीन मुलगा डिझाइन घेऊन आला की मी विचारतो, "लाइनवर जाऊन बसवणाऱ्याशी बोललास का?" नसेल बोलला तर आधी तिकडे पाठवतो. हा प्रश्न माझा नाही, सरांचा आहे.

मागच्या वर्षी गड्ड्याच्या यात्रेला आलो होतो, तेव्हा आपल्या वर्कशॉपकडे गेलो. ड्रॉइंग बोर्ड गेले, तिथे संगणक आहेत. बरंच आहे, मुलांना ते यायलाच हवं. पण व्हाइसची रांग भिंतीशी सरकवलेली दिसली आणि गलबलून आलं. पूर्व भागातून चाललो तर कितीतरी गल्ल्यांत मागांचा खडखडाट नाही. ज्या टॉवेलाला भौगोलिक मानांकन मिळालं, तो विणणाऱ्या घरांतली मुलं आता पुण्यात नोकरी शोधतात. मामांचा कारखानाही सापडला नाही.

सर गेले तेव्हा मी परदेशात होतो. बातमी तेराव्यानंतर कळली. निवृत्तीनंतर एकदा भेटायला येतो म्हणून फोनवर सांगितलं होतं, ते राहून गेलं. याची बोच जात नाही.

समारंभाला मी येतोय आणि पट्टी सोबत आणतोय. वर्कशॉपच्या भिंतीवर, व्हाइसच्या वर, तिला एक खिळा द्यावा अशी विनंती आहे. भोकाच्या आतल्या कडेला सरांच्या कानशीचे ओरखडे अजून दिसतात.