बोलेरो कँपरला रिमोट स्टार्ट : गाडी गिअरमध्ये राहिली तर?

मागच्या वेळी रिमोट स्टार्टचं मॉड्यूल, म्हणजे दुरून बटण दाबून इंजिन सुरू-बंद करणारी डबी, टेबलावर बल्ब जोडून चालवलं होतं. त्यानंतर तीन रविवार गेले. आज दुपारी ओट्यावरून बटण दाबलं, फाटकाजवळ उभी असलेली गाडी सुरू झाली आणि दहा मिनिटांनी आपली आपण बंदही झाली. इतकं बरं वाटलं की लगेच लिहायला बसले.

गाडी डबल केबिन बोलेरो कँपर आहे. २५२३ सीसी कॉमन रेल डिझेल, हाताचा गिअर, एसी आहे, किल्ली साधी, चिप नसलेली. इंदूरला राजेंद्रनगरच्या आमच्या अंगणात ती दिवसभर उन्हात असते. बाबांना एक दिवसाआड भर दुपारी फिजिओथेरपीला न्यावं लागतं. मे महिन्यात आतल्या सीटला हात लावला तरी चटका बसतो, आणि गुडघ्यांमुळे त्यांना पटकन चढता-उतरता येत नाही. ते बसण्याआधीच एसीने गाडी थंड व्हावी, त्यासाठी हा सगळा खटाटोप.

पण पहिला प्रश्न बाबांनीच विचारला होता. "अगं, गिअरमध्ये राहिली तर? सेल्फ मारताच उडी मारेल ना ती?"

या कामातला खरा प्रश्न हाच आहे. गाडी सुरू करणं सोपं. सुरू व्हायला नको तेव्हा ती नक्की होणार नाही याची खात्री करण्यातच माझे तीनपैकी दोन रविवार गेले.

आधी सोपं सांगते. इग्निशन स्विचच्या वायरी रंगावरून ओळखू नका. किटच्या कागदावर दिलेले रंग माझ्या गाडीत एकही जुळले नाहीत. मल्टिमीटर घ्या. किल्ली काढल्यावरही १२ व्होल्ट दाखवते ती बॅटरीची. 'ऑन'ला आणि सेल्फ मारताना, दोन्ही वेळा जिवंत राहते ती इग्निशनची. 'ऑन'ला जिवंत पण सेल्फ मारताना मरते ती अ‍ॅक्सेसरीची. ब्लोअर, टेप असलं सगळं तिच्यावर. आणि फक्त सेल्फच्या क्षणी जिवंत होते ती स्टार्टची. चारही वायरी दोन-दोनदा तपासून प्रत्येकीला चिठ्ठी बांधली. छोटी ग्वालटोलीतून ४० अँपिअरचे रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच, आणले, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत ३० अँपिअरचा फ्यूज घातला. प्रत्येक रिलेच्या ८५-८६ या कॉइलच्या पिनांवर उलटा डायोड टाकला, कारण रिले सुटताना कॉइल जो झटका परत फेकते त्याने मॉड्यूलचा ट्रान्झिस्टर जाऊ शकतो. सगळे जोड डाग देऊन वर श्रिंक स्लीव्ह. वायरीला चावणारे प्लास्टिकचे चिमटे अशा गाडीत वापरू नयेत असं माझं ठाम मत आहे. खड्ड्यांतून धावणारी गाडी, जोड सैल होणारच.

दुसऱ्या रविवारी घोटाळा झाला. इंजिन सुरू झालं की मॉड्यूलने सेल्फ सोडायला हवा. हे त्याला कसं कळतं? माझं मॉड्यूल बॅटरीचा व्होल्टेज बघत होतं. शांत बॅटरी १२.६, सेल्फ मारताना खाली जाते, अल्टरनेटर चार्ज करू लागला की १३.८ च्या वर. दुपारी हे चोख चाललं. पहाटे थंड इंजिनवर मात्र गाडी धडधडायला लागली तरी सेल्फ सुटेना, दोन-तीन सेकंद कर्कश आवाज. सेल्फच्या दातेरी चाकातला, म्हणजे पिनियनमधला, एकतर्फी क्लच होता म्हणून सेल्फची मोटर वाचली. कारण नंतर कळलं. इंजिन थंड असलं की हीटर प्लग, म्हणजे डिझेल पेटावं म्हणून इंजिनच्या आत तापणारे प्लग, इंजिन सुरू झाल्यावरही थोडा वेळ तापत राहतात, एकेक प्लग दहा-पंधरा अँपिअर सहज ओढतो, त्यामुळे व्होल्टेज हळूहळू वर येतो आणि मॉड्यूल समजतं की इंजिन अजून लागलंच नाही.

व्होल्टेजचा नाद सोडला. माझ्या अल्टरनेटरच्या मागे 'डब्ल्यू' असा खुंट आहे, त्यावर इंजिनच्या वेगाबरोबर बदलणारे पल्स मिळतात. मीटर हर्ट्झवर ठेवून पाहिलं तर सेल्फवर फिरताना ४०-४५, आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन चालताना, १७५ च्या आसपास. इतका फरक असल्यावर गोंधळायला जागाच नाही. तो मॉड्यूलच्या टॅकच्या, म्हणजे इंजिनचा वेग वाचणाऱ्या, वायरीला दिला, आयडल शिकवला, आणि आता सेल्फ एखाद्या सराईत ड्रायव्हरने किल्ली सोडावी तसा सुटतो. शिवाय सेल्फच्या आधी हीटरसाठी १२ सेकंदांची प्रतीक्षा लावून ठेवली आहे. दुपारी तिची गरज नसते, पण डिसेंबरातल्या माळव्याच्या पहाटेला लागेल.

आता बाबांचा प्रश्न. पहिला विचार होता गिअर लिव्हरच्या रबराखाली चुंबक आणि रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आलं की जुळणारा स्विच, बसवायचा. बसवलाही. पण लिव्हरला खेळ इतका की तिसरा किंवा चौथा गिअर आणि न्यूट्रल यात स्विच कधी कधी गफलत करी. ज्या गोष्टीवर भिंत पाडणं किंवा न पाडणं अवलंबून आहे तिथे 'कधी कधी' चालत नाही. काढून टाकला.

मग मॅन्युअल गाड्यांच्या मॉड्यूलमध्ये असते ती 'तयारी'ची पद्धत नीट समजून घेतली. गाडी थांबवायची, न्यूट्रल करायची, हँडब्रेक ओढायचा. इंजिन चालू असतानाच रिमोटचं बटण दाबून किल्ली काढायची. मॉड्यूल इंजिन चालू ठेवतं. खाली उतरायचं, दार लावायचं, मग बटण दाबलं की इंजिन बंद होतं. एवढं झालं तरच पुढच्या वेळी रिमोटने सुरू होईल. यातली खुबी बघा. क्लचवर पाय नाही, आत माणूस नाही, तरी इंजिन चालतंय, म्हणजे गाडी न्यूट्रलमध्येच आहे. सेन्सरने अंदाज करायचा नाही, चालतं इंजिनच साक्ष देतं. नंतर कुठलंही दार उघडलं किंवा हँडब्रेक सुटला की तयारी रद्द.

कुठलंही म्हणजे चारही. मॉड्यूलला मी आधी पुढच्या दोनच दारांचे स्विच दिले होते. आमच्याकडे भाच्याला मागच्या दारातून शिरून पुढे रांगत गिअर हलवायचा छंद आहे हे आईने आठवण करून दिलं, आणि मी मागच्या दोन्ही दारांपर्यंत वायर ओढली. काचाही चढवलेल्या हव्यात, हे वेगळं सांगायला नको. याशिवाय ब्रेकचं पेडल दाबलं की बंद, बोनट उघडं असेल तर सुरूच होणार नाही.

मग बाबांना खुर्ची टाकून समोर बसवलं आणि गाडी मुद्दाम पहिल्या गिअरमध्ये ठेवून, चाकांना विटा लावून, वीस वेळा बटण दाबलं. एकदाही टक् झालं नाही. "हं, आता ठीक," एवढंच म्हणाले.

दोन गोष्टी ध्यानात असू द्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२६ प्रमाणे सार्वजनिक जागी चालकाच्या सीटवर परवानाधारक माणूस नसताना इंजिन चालू ठेवून गाडी उभी करता येत नाही. म्हणून हे फक्त स्वतःच्या फाटकाच्या आत. आणि बंद गॅरेजमध्ये अजिबात नको, धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वासही येत नाही.

आजचा आकडा : डॅशवर ठेवलेला थर्मामीटर ५३ वरून दहा मिनिटांत ३९ वर आला, ब्लोअर दोनवर. एसीचा क्लच इंजिन लागल्यावर अर्ध्या मिनिटाने घ्यायचा टायमर अजून बाकी आहे, सध्या तो लगेच बसतो आणि आयडल दचकतो. बोनटचा स्विचही पावसाळ्याआधी रबरी टोपीवाला घालायचा आहे. तो मिळाला की पुढच्या रविवारी दोन्ही एकदम करेन.