बासुंदी दादरला गेली

"चार वेतं काढून घेतलीत, आणि आता वाटेला लावताय होय?" आमच्या मजल्यावरच्या वहिनी लिफ्टमध्ये म्हणाल्या. मी हसून सोडून दिलं, पण लागलं. अर्धं खरंच होतं ते.

मुलुंडच्या दोन खोल्यांत माझ्याकडे दोन पर्शियन मांजरी आणि एक बोका. बासुंदी सहा वर्षांची. चौथ्या वेळी पिल्लू अडकलं. या जातीची डोकी मोठी, चपटी, त्यामुळे असं होतं. सिझेरियन करावं लागलं. डॉक्टर म्हणाले, आता बास. पिल्लं सुटी झाली, दूध आटलं, मग गर्भाशय काढून घेतलं. त्याआधी तिच्यासाठी नवं घर शोधायचंच नाही असं ठरवलं होतं. बरंच केलं. पहिल्याच फोनवर एका गृहस्थांनी विचारलं, "एखादं वेत अजून देईल ना?"

ती माझ्याकडेच राहू शकली असती. पण बोका भिंतींवर फवारे मारतो म्हणून एका खोलीत कोंडलेला, धाकटी माजावर आली की रात्रभर बोंबलते, आणि बासुंदी बापडी फ्रिजवर चढून बसलेली. खाली यायची ती खायला आणि लिटरला, म्हणजे शी-शूच्या वाळूत जायला. माझ्या मांडीवर किती वेळा झोपली ते बोटांवर मोजता येईल. शिवाय धाकटीच्या पिल्लांना जागा हवी होती, तेही लपवत नाही.

दादरच्या काकू निवृत्त शिक्षिका. घरात त्या आणि काका, दुसरं जनावर नाही. चौथा मजला म्हणून आधी जाऊन खिडक्या बघून आले. ग्रिलच्या गजांतून कबुतर आरामात ये-जा करत होतं! जाळी बसवल्याशिवाय आणणार नाही म्हटलं. आठवड्यात बसवली. मांजरीचे पैसे मी घेतले नाहीत. ऑपरेशनचा खर्च मात्र काकूंनी आपणहून दिला, तो घेतला.

सोबत तिची फणी, नेहमीचं खाणं, न धुतलेली गोधडी आणि वापरलेल्या लिटरची एक पिशवी. "हेसुद्धा?" काकांनी नाक धरलं. म्हटलं, काका, नव्या घरात तिच्या ओळखीचं एवढंच आहे.

टॅक्सीत ती विक्रोळीपर्यंत ओरडली. मग गप्प झाली, ते जास्त वाईट.

दोन दिवस दिवाणाखाली. अन्नाला तोंड नाही. मांजराने उपास काढणं बरं नसतं, काही दिवसांतच यकृतावर चरबी चढते, आणि ही तर चांगली गुटगुटीत. सकाळी डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं. रात्री पावणेबाराला काकूंचा फोन. बिनमिठाच्या उकडलेल्या चिकनचं पाणी बशीत ठेवलं होतं, बशी चाटूनपुसून लख्ख.

तीन आठवड्यांनी पुन्हा फोन. "अगं, ही रात्री काकांचा मोजा तोंडात धरून घरभर फिरते. काहीतरी वेगळ्याच आवाजात बोलावते. हिला काय हवंय गं?"

तो आवाज मला ठाऊक होता. पिल्लं खोक्यातून बाहेर भटकली की ती असंच बोलवायची. काकूंना तसं सांगितलं.

त्या जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "राहू दे मोजा तिच्याकडे."

आता म्हणे तो दिवाणाखाली गोधडीवर असतो, आणि काका सकाळी दोन रंगांचे मोजे घालून फिरायला जातात.