तेरड्याची खोडी

मंडईत कोथिंबीर घ्यायला गेलो होतो. गौरी दोन दिवसांवर आलेल्या, त्यामुळे फुटपाथवर तेरड्याच्या जुड्या मांडलेल्या, मुळं आणि माती सगळ्यासकट. एका जुडीत पानाआड टपोरं बोंड दिसलं आणि हात आपोआप तिकडे गेला. "घ्यायची नसेल तर फोडू नका हो दादा," मावशींनी तिथल्या तिथे पकडलं. ही सवय त्यांना चांगलीच ठाऊक असावी.

ती लागली सिंहगडावर. श्रावणात बाबा न्यायचे. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना उतार गुलाबी-जांभळा झालेला. मोठी माणसं पिठलं-भाकरीच्या ओढीने पुढे, आम्ही मागे बोंडं शोधत. कोवळं बोंड नुसतं दबतं, त्यात मजा नाही. फुगून पोपटी झालेलं हवं, अंगावर बारीक लव असलेलं. चिमटीत धरलं की टप्प! पाची फाका क्षणात आत वळून गुंडाळतात आणि तपकिरी बिया उडतात. बोटाला होणारी ती गुदगुली, जणू मुठीत नाकतोडा. एकदा बी थेट चुलतभावाच्या डोळ्यात गेलं, तरी आम्ही थांबलो नाही.

आत्याला हे खपायचं नाही. आमच्याकडे गौर तेरड्याचीच. मुळं म्हणजे तिची पावलं, त्यामुळे मूळ तुटलेली जुडी ती परत पाठवायची. त्या मऊ, रसाळ काड्यांना साडी नेसवणं हे काम येऱ्यागबाळ्याचं नव्हे. उपटल्यावर तासाभरात माना टाकतात.

त्यावरूनच बहुधा 'तेरड्याचा रंग तीन दिवस' म्हणत असावेत. मला ही म्हण साफ अमान्य आहे. एकेक फूल टिकत नाही, मान्य. पण पानांच्या बगलेत नवी फुलं येतच राहतात, उतार महिनाभर तरी रंगलेला असतो. पाऊस सरला की मात्र झाड संपतं. हल्ली फुलं बघायला लोक कासला जातात, आधी नावनोंदणी करून. पठार सुंदरच आहे, २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीतही गेलं. पण सिंहगडाच्या वाटेवरचा तेरडा बघायला मान वळवली तरी पुरतं. असो.

गेल्या वर्षी खिशातून चार बिया आल्या होत्या, त्या बाल्कनीत टाकल्या. यंदा मिरचीच्या कुंडीत तेरडाच माजलाय. बायको म्हणते, उपट, मिरची दबतेय.

मिरची काय, मंडईत मिळते.