आईसोबत मसाई मारा : सप्टेंबरमधील सात दिवस

आईचे वय 71, दोन्ही गुडघ्यांना संधिवात आणि रक्तदाबाची गोळी रोजची. तरीही मोकळ्या रानातला हत्ती एकदा डोळे भरून पाहायचा, ही तिची जुनी इच्छा होती आणि गेल्या सप्टेंबरात आम्ही दोघी केनियाला जाऊन आलो. वयस्कर आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांना उपयोग व्हावा, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पहिला निर्णय मार्गाचा. बहुतेक सहलींमध्ये सहा-सात दिवसांत अंबोसेली, नाकुरू, नैवाशा आणि मसाई मारा हे वन्यप्राण्यांचे अभयारण्य अशी चार ठिकाणे बसवलेली असतात. कार्यक्रमपत्रिका वाचताना ते सुखद वाटते, पण प्रत्येक मुक्काम बदलताना चार ते सहा तास गाडीत जातात, हे त्यात ठळकपणे लिहिलेले नसते. आम्ही अंबोसेली आणि नाकुरू वगळले. दोन रात्री नैवाशा आणि चार रात्री मारा, एवढेच ठेवले. मला पुन्हा जायचे झाले तरी मी हेच करीन.

मुंबई-नैरोबी थेट विमान साधारण सहा तासांचे आहे आणि तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते. नैरोबीहून नैवाशा सुमारे 90 किलोमीटरवर असल्याने विमानप्रवासाचा शीण असतानाही दोन तासांत आडवे होता येते. तेथील सरोवरातल्या क्रेसेंट आयलंड या बेटावर हिंस्र श्वापदे नसल्याने जिराफ आणि झेब्र्यांच्या मधून पायी फिरता येते. आई काठी टेकत, थांबत थांबत तासभर चालली. नावेत चढताना मात्र दोन माणसांचा आधार लागतो. रात्री पाणघोडे लॉजच्या हिरवळीवर चरायला येतात, त्यामुळे जेवणघरातून खोलीपर्यंत पहारेकऱ्यासोबतच जावे.

गाडीबाबत अजिबात तडजोड करू नये. आम्ही छत उघडणारी लँड क्रूझर ठरवली होती आणि विमानतळावर व्हॅन उभी होती. बराच वाद झाल्यावर गाडी बदलून मिळाली. तेव्हा गाडीचा प्रकार पैसे भरण्यापूर्वी लेखी घ्यावा. लँड क्रूझरची पायरी उंच असते. आमच्या चालकाने सोड्याच्या बाटल्यांचा रिकामा क्रेट उलटा ठेवून त्याची पायरी केली आणि चारही दिवस तो आठवणीने सोबत बाळगला. मागच्या चाकांवरच्या आसनावर सर्वाधिक गचके बसतात, म्हणून आईला चालकाशेजारी बसवावे. स्वाहिलीत आईला ‘मामा’ म्हणतात. चालकाने पहिल्यांदा तशी हाक मारली तेव्हा आई गोंधळली, पण चहाला ‘चाय’, पोळीला ‘चपाती’ आणि गाडीला ‘गारी’ म्हणतात हे कळल्यावर तिची आणि त्याची चांगलीच गट्टी जमली.

माऱ्यातील दुसऱ्या सकाळी हत्तिणींचा एक कळप गाडीपासून वीसेक पावलांवर चरत होता. त्यातील एक पुढच्या पायाच्या नखांनी गवताचा जुडगा मुळासकट सैल करायची, सोंडेने उपटायची, मग गुडघ्यावर दोन-तीनदा आपटून माती झाडायची आणि तोंडात घालायची. आई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, ‘‘माती झाडून खातेय बघ. आपण मेथीची जुडी झाडतो ना, तशी.’’ शेजारच्या गाड्या रेडिओवर बिबट्याची खबर येताच निघून गेल्या. आम्ही तिथेच पाऊण तास थांबलो. चालकाला पहिल्याच दिवशी ‘‘आम्हाला धावपळ नको’’ असे स्पष्ट सांगितले होते, म्हणूनच हे जमले.

नदी ओलांडणारे विल्डबीस्टचे (गायीसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांचे) कळप पाहण्यासाठी जुलै ते ऑक्टोबर हा काळ योग्य मानला जातो. परंतु कळप काठाशी येऊन तासन्‌तास खोळंबतात आणि कित्येकदा माघारी फिरतात. आम्ही मारा नदीवर तीन तास उन्हात बसलो आणि कळप परतला. या तीन तासांत आईची खरी अडचण स्वच्छतागृहाची झाली, कारण रानात मनाला येईल तिथे गाडीतून उतरता येत नाही. प्रवेशद्वारांजवळ आणि छोट्या विमानांच्या धावपट्ट्यांवर सोय असते, ती चालकाला विचारून सकाळीच वेळा आखाव्यात. पाणी पिणे कमी करणे हा उपाय नव्हे. त्या उन्हात तो वृद्धांना धोक्याचा ठरतो.

मारा सुमारे दीड हजार मीटरपेक्षा उंचावर आहे. पहाटे सहाला उघड्या छताखाली कानटोपी, स्वेटर आणि गुडघ्यांवर शाल हवीच. दहानंतर ऊन तापते. जुलै ते डिसेंबर परदेशी प्रौढ पर्यटकाला माऱ्याचे प्रवेशशुल्क दिवसाला 200 डॉलर आणि जानेवारी ते जून 100 डॉलर आहे; सहलीच्या दरात ते धरले आहे का, हे विचारून घ्यावे. शाकाहारी जेवण सर्वत्र मिळाले. केनियात 2017 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, म्हणून चिवडा-लाडू डब्यांतच न्यावेत.

परतीला आम्ही माऱ्याहून छोट्या विमानाने नैरोबीच्या विल्सन विमानतळावर आलो. या विमानांत साधारणपणे माणशी 15 किलो सामान, तेही मऊ पिशवीत चालते. खर्च वाढला, पण आईच्या पाठीसाठी तो करण्याजोगा होता.

मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांविषयी आधीच डॉक्टरांशी बोलावे. पीतज्वराची लस प्रवासापूर्वी किमान 10 दिवस घ्यावी लागते आणि साठीनंतर पहिल्यांदा घेताना तिचा धोका वाढतो, त्यामुळे आईच्या डॉक्टरांनी सर्व तपासून होकार दिल्यावरच आम्ही पुढची तिकिटे काढली. लसीचे पिवळे प्रमाणपत्र पासपोर्टसोबत हातातल्या पर्समध्येच ठेवावे. मुंबईत उतरल्यावर ते दाखवावे लागते आणि नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. आमचे तेथील काम पाच मिनिटांत झाले. आईने घरी पोहोचताच काठी कोपऱ्यात ठेवली आणि तो मेथीचा किस्सा मावशीला फोनवर सांगितला.