लूप अपडेट: सुटे सगळे पास, जोडलं की नापास

कॉम्प्युटर पाण्याने थंड ठेवायच्या लूपमध्ये पाणी भरायचा कार्यक्रम पुढे ढकललाय. एअर टेस्टला (पाण्याआधी हवा भरून लीक बघायची) दाबाचा काटा उतरतोय आणि उतरायची तऱ्हाही अशी, की डोकं फिरावं. एकेक भाग सुटा तपासला तर काटा जागचा हलत नाही. सगळा लूप जोडला की अर्ध्या तासात ३०० एमएम पाऱ्यावरून २७०. कारण सापडलंय, पण त्यापायी ट्यूबचा मार्गच बदलावा लागणार. त्यामुळे मागच्या अपडेटमधला आराखडा रद्द समजा.

सामान तेच आहे. पुढे ३६० मिलिमीटरचा, वर २४० चा, दोन्ही रॅड (रॅडिएटर) तांब्याचे. डी५ पंप-रेझ कॉम्बो (रेझ म्हणजे पाण्याची टाकी), सीपीयू आणि जीपीयू (ग्राफिक्स कार्डाची चिप) यांचे ब्लॉक, म्हणजे चिपची उष्णता पाण्याला देणारे ठोकळे, निकेल चढवलेले, १०/१३ ची (आतून १०, बाहेरून १३ मिलिमीटर) सॉफ्ट ट्यूब. अॅल्युमिनियम कुठेच नाही. दोन्ही चिप मिळून ४०० वॉटच्या आसपास धरलेत आणि रॅडमध्ये १२० मिलिमीटरचे पाच तुकडे बसतात, म्हणजे तुकड्यामागे ८० वॉट. या हिशोबाला धक्का नाही.

आधी टेस्टरबद्दल, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. बीपी मोजायच्या काट्याच्या यंत्राचा फुगा आणि डायल वापरायची. फुग्यालाच चिकटलेली डायल नको, दोन नळ्यांचं यंत्र घ्यायचं, म्हणजे डायल वेगळी निघते. मांडणी अशी: फुगा, त्यानंतर छोटा बॉल व्हॉल्व्ह, त्यानंतर अॅक्वेरियमच्या दुकानातला टी (तीन तोंडांचा जोड), टीच्या एका फाट्याला डायल, दुसऱ्या फाट्यावरून रेझचा वरचा पोर्ट (फिटिंग बसायचं आट्यांचं तोंड). व्हॉल्व्ह फुग्याच्या लगेच पुढेच हवा. फुग्याचा स्वतःचा स्क्रू हमखास हवा सोडतो आणि त्याचं पाप लूपच्या माथी बसतं.

रेडीमेड टेस्टर मागवण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. बीपीच्या डायलवर एकेक रेघ २ एमएम पाऱ्याची असते, तेवढा बारकावा सायकलच्या पंपावरच्या डायलला नसतो. शिवाय तिची मर्यादाही आपल्या सोयीची आहे. ३०० एमएम म्हणजे ०.४ बार, म्हणजे पाण्याच्या हिशोबात ४ मीटरच्या किंचित वर. डी५ पूर्ण स्पीडला, पुढची वाट बंद असताना, ३.९ मीटरच्या आसपास हेड (पाणी वर ढकलायची उंची) देतो. पंप जेवढा दाब टाकू शकेल त्याच्या जरासं वर आपण तपासतोय, बास. त्याहून जास्त हवा कोंबून हाती काही लागत नाही, अॅक्रिलिकचं रेझ मात्र तडकू शकतं.

आता काटा उतरला म्हणजे लीकच, असं नाही. नवी सॉफ्ट ट्यूब दाबाखाली पहिली काही मिनिटं फुगते आणि काटा आपोआप खाली येतो. दहा मिनिटं थांबायचं, परत ३०० ला आणायचं आणि मग घड्याळ लावायचं. दुसरं कारण तापमान. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, इथला हवेचा दाब ७१० एमएमच्या आसपास. त्यात आपले ३०० मिळवले की झाले हजार. खोली एका अंशाने थंड झाली की काटा सव्वातीन-साडेतीन एमएमने उतरतो. दुपारी टेस्ट लावली, संध्याकाळी वळीव पडून खोली ३ अंशांनी गार झाली, की लीक नसतानाही १० एमएम गेले. म्हणून डायलशेजारी साधं थर्मामीटर ठेवायचं, टेस्ट चालू असताना पंखा-एसीला हात लावायचा नाही आणि कॅबिनेट खिडकीच्या उन्हात ठेवायचं नाही.

पण अर्ध्या तासात ३० एमएम यातल्या कशानेच जात नाहीत. तेवढ्यासाठी खोली नऊ अंशांनी गार व्हायला हवी. म्हणजे लीक खरी.

तुकड्या-तुकड्याने तपासायचं ते नुसतं जागा कळावी म्हणून नाही. अख्ख्या लूपमध्ये साधारण १ लिटर हवा मावते. त्यात ५ एमएम उतरायला साधारण ७ मिलिलिटर हवा बाहेर जावी लागते. तेवढीच हवा ३० मिलिलिटरच्या नुसत्या ब्लॉकमधून गेली तर काटा दीडशेच्या वर कोसळतो. म्हणजे लहान तुकड्यात तीच लीक तीसपट ठळक दिसते. लूप जेवढा मोठा तेवढी लीक लपते. अर्ध्या तासाचं काम ब्लॉकवर मिनिटाभरात होतं. तपासायचा क्रमही त्याच हिशोबाने: आधी टेस्टर एकटाच, तोंडाला प्लग लावून. मग सीपीयू ब्लॉक, जीपीयू ब्लॉक, पंप-रेझ आणि शेवटी दोन्ही रॅड, आपापल्या फिटिंगसकट.

आणि इथेच विषय हार्ड झाला. सगळे पास! टेस्टर पास, ब्लॉक पास, पंप-रेझ पास, रॅड पास. सगळ्या फिटिंग त्याच, ओ-रिंग (रबराच्या सील) त्याच. परत जोडलं की २७०.

मग प्रश्न उरतो तो एवढाच, की सुट्या भागात नसतं आणि जोडल्यावर येतं असं काय? हवा तीच, दाब तोच. जोडल्यावर नवीन येतो तो ट्यूबचा ओढा, म्हणजे ताण. जीपीयूपासून वरच्या रॅडपर्यंतची ट्यूब दिसायला छान म्हणून सरळ आणि नेमक्या मापाची ठेवली होती, दोन्ही टोकांना ९० अंशांची रोटरी (फिरत्या डोक्याची फिटिंग). कॉम्प्रेशन रिंग आवळली की ट्यूब बार्बवर (फिटिंगच्या ज्या नळीवर ती चढते) आणखी आत सरकते, लांबी दोन-तीन मिलिमीटरने कमी भरते आणि ती दोन्ही रोटरींना बाजूने खेचत बसते.

रोटरीत फिरणारं डोकं आतल्या दांड्यावर बारीक ओ-रिंगांच्या आधाराने बसलेलं असतं. सरळ दाब ते निमूट झेलतं. बाजूने ओढलं की एका अंगाला ओ-रिंग दबते, दुसऱ्या अंगाला सैल पडते. सुटी तपासताना डोकं मधोमध असतं, म्हणून पास. खात्रीसाठी दाब ३०० ला आणून ट्यूब मधोमध धरून वरच्या रॅडकडे हलकी उचलायची. उचलली की काटा थांबतो, सोडली की चालू लागतो. नंतर वरचा रॅड फिटिंगसकट बाहेर काढून, ट्यूब दोरीने तशीच बाजूला ताणून, ब्रशने साबणाचं पाणी लावलं. डोकं आणि बूड यांच्या फटीत टाचणीच्या डोक्याएवढा एकच बुडबुडा येतो, फुगतो, फुटतो आणि तिथेच परत उगवतो. पोर्टच्या जी १/४ आट्यांपाशी काहीही नाही. साबणाचं पाणी फक्त कॅबिनेटबाहेर, हे वेगळं सांगायला नको. कार्ड बसवलेलं असताना बोर्डाजवळ ब्रश न्यायचा नाही.

एक शंका येईल, की हवा वाहायला पाण्यापेक्षा पन्नासेक पटीने पातळ, मग हवेची एवढी लीक पाण्याला दिसेल का? पहिल्या दिवशी कदाचित नाही. पण गरम पाण्याने ट्यूब नरम पडते, ओढ्याची दिशा बदलते, आणि त्या फटीच्या बरोबर खाली कार्डाची बॅकप्लेट (पाठीची पट्टी). असल्या जुगारात मला रस नाही.

रोटरी घेताना हातात धरून डोकं डावी-उजवीकडे हलवून बघा. फिरलं पाहिजे, डुलता कामा नये. स्वस्त पाकिटातल्यांपैकी काही मस्त घट्ट असतात, काही खुळखुळ्यासारख्या, आणि महाग घेतली म्हणजे घट्टच निघेल असंही नाही. बहुतेक पाकिटात जादा ओ-रिंग देत नाहीत, हा तर निव्वळ कद्रूपणा.

ओढा तपासायची सोपी रीत: ट्यूबचं एक टोक फिटिंगमधून सोडायचं. सुटं टोक फिटिंगच्या तोंडासमोर दोन-तीन मिलिमीटरच्या आत आपसूक उभं राहिलं तर ठीक. सेंटीमीटरभर उडी मारून बाजूला गेलं, तर तेवढा ताण फिटिंग दिवसरात्र सोसतेय असं समजा.

उपाय म्हणून आधी ठरवलं होतं की तीच ट्यूब १५ मिलिमीटर लांब कापायची आणि हलकी कमान द्यायची. पण १०/१३ ची भिंत जेमतेम दीड मिलिमीटरची. एवढ्या कमी अंतरात कमान दिली की आज ठीक दिसते, पाणी ४५ अंशांवर गेलं की मुडपते. १०/१६ असती तर चाललं असतं, पण त्यासाठी सगळ्या कॉम्प्रेशन फिटिंग बदलाव्या लागतील. तो खर्च आत्ता नको.

हे लिहिता लिहिता दुसरंच सुचलं. ती ट्यूब हवीच कशाला? जुना क्रम पंप, सीपीयू, जीपीयू, वरचा रॅड, पुढचा रॅड, रेझ. क्रमाने तापमानात फरक पडतो तो किती? ताशी २०० लिटर प्रवाहात ४०० वॉट उष्णता पाण्याला पावणेदोन अंशांनी तापवते. सगळा लूप तेवढ्या फरकात असतो. रेझ पंपाच्या आधी राहिलं म्हणजे झालं, बाकी क्रम ट्यूबच्या सोयीने ठेवावा. नवा क्रम: पंप, जीपीयू, पुढचा रॅड, सीपीयू, वरचा रॅड, रेझ. पुढचा रॅड उलटा करून पोर्ट खाली. मग जीपीयूची ट्यूब खालच्या अंगाला सैल वळणाने जाते आणि सीपीयूची लांब ट्यूब मोकळी चढते. ९० ची रोटरी एकच उरते, जीपीयूवर, आणि तिथे ट्यूब आपल्या वजनाने सरळ लोंबते. वरच्या रॅडला साधी सरळ फिटिंग.

पोर्ट खाली घेतले की एक त्रास वाढतो. रॅडच्या वरच्या टाकीत हवा अडकते, भरताना कॅबिनेट पुढे-मागे चांगलं झुकवावं लागणार. पण फायदा मोठा: लूपमधली सर्वात खालची जागा आता रॅडचा पोर्ट आहे, म्हणजे ड्रेन तिथेच. पंपापाशी हात घालून ड्रेन काढायचा खटाटोप गेला. ३६० चा रॅड टाक्या धरून ३९५ ते ४०० मिलिमीटर भरतो, त्यामुळे खाली फिटिंगला जागा उरते का ते पीएसयूच्या (वीजपुरवठ्याचा डबा) झाकणापासून मोजून घ्यायचं. इथे झाकणाची खाच पुरते.

ड्रेनसाठी टी आणि बॉल व्हॉल्व्ह यांच्यामधला पितळी तुकडा इथल्या उद्यमनगरात लेथवर करून घ्यायचा विचार आहे. तिथे 'पाव बीएसपी' (आपला जी १/४ आटा) म्हटलं की सगळ्यांना कळतं, १९ आटे इंचाला. पण न सांगता मिळतो तो टेपर (निमुळता) आटा, न्यूमॅटिक आणि प्लंबिंगच्या सवयीने. तो टेफ्लॉन टेप लावून आवळायचा असतो, आपल्या पोर्टमध्ये गेला तर पाचरीसारखा बसतो आणि अॅक्रिलिक चिरतो. 'पॅरलल आटा, ओ-रिंगवर बसणार' हे चिठ्ठीवर लिहूनच द्यायचं. आट्याची लांबी ५ मिलिमीटरच्या आत, खांदा लेथवर सपाट केलेला, कडेचा बर (धातूची बारीक धार) काढलेला. बर राहिला की ओ-रिंग पहिल्याच आवळणीला कापली जाते. टेस्टरचा बार्ब तिथल्याच न्यूमॅटिक दुकानातला, पॅरलल आट्याचा, खाली डाउटी वॉशर (रबर लावलेली धातूची चकती). ती हवेला पक्की बसते.

पाण्याचं ठरलेलं आहे: बॅटरीत घालायचं डीएम (क्षार काढलेलं) पाणी, टीडीएस पेनवर (विरघळलेले क्षार मोजणारा) १० च्या आत असेल तरच. कॅन सीलबंद घ्यायचा. अॅसिडच्या बरण्यांशेजारी ठेवलेलं सुटं पाणी फुकट दिलं तरी नको. नळाचं पाणी रॅडच्या पहिल्या धुण्यापुरतं, तेही कोमट, आणि शेवटचे दोन हात डीएमचे. धुतलेलं पाणी पांढऱ्या सुती कापडातून गाळून बघायचं. फ्लक्सचे (झाळकामातल्या रसायनाचे) काळे कण यायचे थांबेपर्यंत रॅड लूपला लावायचा नाही, नाहीतर ते जाऊन सीपीयू ब्लॉकच्या बारीक फिनमध्ये बसतात.

फॅनचा कर्व्ह (कुठल्या तापमानाला किती वेग) पाण्याच्या तापमानावर ठेवायचा, पण ३५ वगैरे ठरीव आकड्यावर नाही. मे महिन्यात खोलीच ३४-३५ असते, फॅन दिवसभर बोंबलत राहतील आणि पाणी काही त्याच्याखाली जाणार नाही. खोली आणि पाणी यांच्यातला फरक १० अंशांपर्यंत चालवून घ्यायचा. उन्हाळ्यात पाणी ४५, पंपाची मर्यादा ६०, भरपूर अंतर आहे.

आता नव्या मार्गाने ट्यूब कापणं, प्रत्येक टोकाला ओढ्याची तपासणी आणि मग पूर्ण लूप ३०० वर, थर्मामीटरसकट. पास झाला तर बोर्ड-कार्डाची वीज काढून, पीएसयू एकटा चालू व्हावा म्हणून त्याच्या २४ पिनच्या प्लगमधली हिरवी-काळी वायर जोडून फक्त पंप चालवत भरायचं, रेझ रिकामं व्हायच्या आत दर वेळी बंद करत. डी५ कोरडा फिरवायचा नाही.

लेथवरचा तुकडा कुणी आधी करून घेतला असेल तर आट्याच्या मुळाशी खाच किती रुंद ठेवली तेवढं टाका. खाच नसली तर शेवटचा आटा ओ-रिंगखाली चढतो, आणि फार रुंद ठेवली तर ५ मिलिमीटरात आटे धरायला उरतच नाहीत.