आधी पाणी, मग मासे: ईटीपीच्या गाळाची ९६ तासांची चाचणी

सोलापुरात चादरी-टॉवेलांच्या रंगाईतून निघणारा ईटीपीचा (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेचा) रासायनिक गाळ घातक कचऱ्यात मोडतो. तो माशांना किती विषारी आहे हे बघायचं, तर पहिला प्रश्न पाण्याचा. बोअरचं जड पाणी वापरलं की मासे तगतात आणि गाळ निर्धोक वाटतो. तांबं, जस्त, निकेल कल्ल्यांवर जिथे चिकटतात, ती जागा कॅल्शियम आधीच अडवतं. कंट्रोलचे, म्हणजे गाळ न घातलेल्या टाकीतले, मासेही ठणठणीत असतात, म्हणून चूक लक्षातच येत नाही.

कॅलिफोर्नियाच्या नियमात म्हणूनच पाण्याचं काठिण्य (जडपणा) ठरवून दिलंय: कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरला ४० ते ४८ मिलिग्रॅम. अशा पाण्यात ९६ तासांचा एलसी५०, म्हणजे निम्मे मासे मारणारं गाळाचं प्रमाण, लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या खाली आला की कचरा घातक. ती रेषा फॅटहेड मिनो, रेनबो ट्राउट आणि गोल्डन शायनर या माशांसाठी आहे. आपल्याकडे झेब्राफिश वापरतात, तेव्हा आकडा तिथल्या रेषेशी ताडताना जात वेगळी आहे हे लिहाच.

असं पाणी २० लिटर डिस्टिल्ड पाण्यात घरचं घरी बनतं: सोडियम बायकार्बोनेट ९६० मिलिग्रॅम, जिप्सम ६००, निर्जल मॅग्नेशियम सल्फेट ६००, पोटॅशियम क्लोराइड ४०. इथे हमखास फसगत होते. मॅग्नेशियम सल्फेटच्या बाटलीत बहुधा हेप्टाहायड्रेट, म्हणजे पाणी धरलेले स्फटिक, असतं. तेच ६०० मिलिग्रॅम घातलं तर काठिण्य तिशीच्या आसपासच राहतं. ते साधारण १.२३ ग्रॅम लागतं. रात्रभर हवा सोडा आणि काठिण्य टायट्रेशनने मोजल्याशिवाय मासे सोडू नका.

गाळ खलून २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. सरळ टाकीत टाकला तर तळाला बसतो, म्हणून थोड्या पाण्यात बंद बाटलीत काही तास हलवून मग मिसळा. ओलावा आधी मोजा: ७० टक्के ओल्या गाळाच्या ५०० मिलिग्रॅममध्ये कोरडा माल १५०च असतो.

गाळाच्या प्रमाणात १०, २०, ३० अशा समान फरकाच्या पायऱ्या नकोत, समान पटीच्या हव्यात. लिटरला १००, १८०, ३२०, ५६०, १००० मिलिग्रॅम आणि एक कंट्रोल, प्रत्येक टाकीत १० लिटर आणि १० मासे. लिटरला ०.८ ग्रॅमपेक्षा जास्त मासा नको. चाचणीआधी २४ तास खाणं बंद. मागच्या सात दिवसांत १० टक्क्यांहून जास्त मेले असतील, तर तो लॉट घेऊच नका. चुकीच्या चाचणीत साठ जीव फुकट जातात.

तापमान २१ ते २५ अंश. एप्रिल-मेमध्ये इथे एसीशिवाय हे जमणार नाही. ऑक्सिजन संपृक्ततेच्या ६० टक्क्यांवर हवा, २५ अंशांना लिटरला साधारण ५ मिलिग्रॅम. गाळात खळीचा स्टार्च उरला असेल तर तो ऑक्सिजन खातो आणि मासे विषाने नाही, गुदमरून मरतात. रोज मोजा, हवा मंद ठेवा, आणि वीज गेली तर पंपाला बॅटरी तयार असू द्या.

शेपटीच्या मुळाशी स्पर्श करूनही हालचाल नाही, कल्लेही हलत नाहीत, तेव्हाच मृत धरा आणि लगेच बाहेर काढा. ३२० मध्ये २ आणि ५६० मध्ये ८ मेले, तर लॉग मापावर एलसी५० साधारण ४२३ येतो. कंट्रोलमध्ये एकाहून जास्त मेला तर चाचणी रद्द.

चुन्याच्या गाळाचा पीएच चढा असेल तर मुख्य चाचणीत तो तसाच ठेवा आणि शेजारी पीएच जुळवलेली वेगळी टाकी चालवा. अहवालात एलसी५० शेजारी मोजलेलं काठिण्य, पीएच आणि ऑक्सिजन लिहा, पहिल्या आणि शेवटच्या दिवसाचंही.