ट्रकचं ६बीटी इंजिन कॉम्प्रेसरवर चढवलं, आणि टर्बोच्या पाईपांनी पावसाळा खाल्ला

मामाच्या खाणीवर सुरुंगाची भोकं मारायला ट्रॉलीवरचा एक जुना ४५० सीएफएमचा (म्हणजे मिनिटाला ४५० घनफूट हवा देणारा) स्क्रू कॉम्प्रेसर आहे. गेल्या मे महिन्यात त्याचं इंजिन बसलं, क्रँकच गेला. नवीन इंजिनचा भाव ऐकून मामा दोन दिवस कुणाशी बोलला नाही आणि तिसऱ्या दिवशी भंगारात निघालेल्या २५१५ ट्रकचं कमिन्स ६बीटी टेम्पोत घालून घेऊन आला, टर्बोसकट (टर्बो म्हणजे इंजिनच्या धुराच्या जोरावर फिरून आत जास्त हवा कोंबणारं चाक). म्हणाला पावसाळ्यात खाण बंदच असते, तोवर तू आणि तात्या मिळून बसवा. मी डिप्लोमा मेकॅनिकल, त्यामुळे घरात सगळ्यांना वाटतं मला सगळं येतं.

इंजिन तसं दणकट हो, ५८८३ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) १०२ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) १२० मिमी, सहा सिलिंडर. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, ह्याला लायनर, म्हणजे सिलिंडरमधल्या बदलता येणाऱ्या नळ्या, नसतात, बोअर थेट ब्लॉकमध्येच. म्हणजे खाणीतली धूळ आत गेली आणि बोअर खाल्ला तर लायनर बदलून सुटका नाही, अख्खा ब्लॉक मशीन शॉपला न्यायचा. हे माहीत असूनही मी पहिल्यांदा जे केलं ते वाचून हसू नका.

फ्लायव्हील साईडची कपलिंग वगैरे तात्याने चार दिवसांत उरकली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. खरा घोळ वरच्या पाईपांचा. ट्रकमध्ये इंजिनभोवती मोकळी जागा असते, इथे कॅनोपीचा, म्हणजे मशीनवरच्या पत्र्याच्या कव्हरचा डबा. टर्बोचं हवा बाहेर सोडणारं तोंड बरोबर कॅनोपीच्या खांबावर येत होतं, एअर फिल्टरला जागा नाही, आणि जुना फिल्टर ज्या कोपऱ्यात होता तिथे आता सायलेन्सर आला. मग ठरवलं की फिल्टर छतावर न्यायचा, तिथून चार इंची पाईप खाली टर्बोला, टर्बोतून अडीच इंची पाईप रेडिएटरसमोरच्या इंटरकूलरला (टर्बोची गरम हवा गार करणारी जाळी), आणि इंटरकूलरच्या दुसऱ्या टोकातून परत अडीच इंचीने इनटेकला. इंटरकूलर जुन्या बाजारातून घेतला.

पहिला पाईप मी स्वतः केला. फिल्टर ते टर्बो. शेडमागे चार इंची एमएसचा (साध्या लोखंडाचा) पाईप पडला होता, त्याचे तिरके तुकडे कापून बेंड तयार केला, आर्क वेल्डिंग मारलं, बाहेरून ग्राइंडर फिरवून एकदम गुळगुळीत, वर लाल ऑक्साईड आणि निळा रंग. फोटो काढून ग्रुपवर टाकला. सगळे म्हणाले नाद खुळा. आतून बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्या तर नाहीच.

साडेतीन तास चाललं. मग टर्बोची शिट्टी बदलली, आधी बारीक सूं असायची ती आता करवतीसारखी यायला लागली. बंद करून पाईप काढला, टर्बोच्या कॉम्प्रेसर व्हीलची (हवा ओढणाऱ्या चाकाची) पाती बॅटरीच्या उजेडात बघितली तर सहाच्या सहा मोठ्या पात्यांची कड चावल्यासारखी झालेली. पाईपात हात घातला तर आत वेल्डिंगचे मणी आणि स्लॅगचे (वेल्डिंगच्या मळीचे) पापुद्रे, बोट लागलं की सुटत होते. हा पाईप फिल्टरच्या पुढचा आहे, म्हणजे इथे काही सुटलं तर त्याला अडवायला मध्ये कोणी नाही, सरळ मिनिटाला लाखाच्या आसपास फेऱ्या मारणाऱ्या चाकावर. व्हील अॅल्युमिनियमचं, त्याचं काय टिकणार. टर्बो रिपेअरवाल्याने व्हील आणि शाफ्ट बदलून बॅलन्स करून दिला. मामाने बिल बघितलं आणि फक्त "हं" केलं. त्या "हं"पेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

नशिबाने पुढचे तुकडे इंटरकूलरमध्येच अडकले होते. इंटरकूलर काढून डिझेलने चार वेळा धुतला, उलटसुलट हलवला, हवा मारली आणि मग पूर्ण दोन दिवस उन्हात ठेवला. हे वाळवणं महत्त्वाचं. आत तेल किंवा डिझेल साचून राहिलं तर इंजिन ते हवेबरोबर ओढतं आणि त्यावरच पळायला लागतं, पंपाची लिव्हर बंद केली तरी थांबत नाही. एका जुन्या ट्रॅक्टरचं असं झालेलं मी लहानपणी बघितलंय, शेवटी हवेच्या तोंडावर फळी दाबून बंद केला होता.

आता पाईप कोण करणार? कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात फिरलो, तिथे सायलेन्सरवाले अडीच इंची पाईप वाकवून देतात पण आतल्या बाजूला सुरकुत्या येतात आणि बेंडमध्ये पाईप चपटा होतो. एकजण म्हणाला वाळू भरून गरम करून वाकवतो. पुन्हा पाईपात सुटे कण! नको म्हटलं. शेवटी तात्यानेच सुचवलं की डेअरीची कामं करणाऱ्यांकडे जा. आपल्याकडे दुधाचा एवढा धंदा, त्यामुळे दुधाच्या लाईनींची फिटिंग करणारे बरेच आहेत, आणि त्यांच्याकडे ३०४ स्टेनलेस स्टीलचे तयार बेंड मिळतात, ६३.५ मिमीचे, म्हणजे बरोबर अडीच इंच, ४५ आणि ९० दोन्ही, आतून आरशासारखे. एवढे दिवस मी ऑनलाईन टर्बोचे महागडे पाईप शोधत होतो आणि माल दूध संघाच्या वाटेवर होता.

तिथले वेल्डर काका साठीचे असतील. मी डिझाईन समजावून सांगत होतो, त्यांनी माझा जुना निळा पाईप हातात घेतला, बाहेरून बघितलाच नाही, डोळ्याला लावून आत बघितलं आणि बाजूला ठेवला. मग त्यांनी टिगने (आर्गॉन गॅसच्या वेल्डिंगने) जोड मारताना पाईपाची दोन्ही टोकं टेप लावून बंद केली आणि आतून आर्गॉन सोडला. तसं नाही केलं तर स्टील आतल्या बाजूने जळून काळं फुटाण्यासारखं होतं आणि त्याचेच कण सुटतात. त्यांना हे दुधामुळे माहीत, खडबडीत जोडात दूध अडकून नासतं. चार इंची पाईपही त्यांच्याकडूनच करून घेतला.

टोकांना मणी काढून घ्या, म्हणजे कडेला फुगीर रिंग, होज सुटू नये म्हणून. मला आधी वाटलं नुसता क्लिप आवळला की झालं. हिशोब करा, अडीच इंची पाईपाच्या तोंडाचं क्षेत्रफळ साधारण ३१ चौरस सेंमी, बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, चौरस सेंमीला १.२ किलो असेल तर ३७-३८ किलोचा जोर सतत तो होज ढकलत असतो, आणि वर इंजिनची थरथर. मी गरम बाजूला रेडिएटरचा काळा रबरी होज लावला होता, घरात होता म्हणून, तो दुसऱ्याच दिवशी फुगून सुटला आणि धडाम आवाजाने ड्रिलवाला पोरगा मशीन सोडून पळाला. टर्बोतून निघणारी हवा १२०-१३० डिग्रीला सहज जाते आणि तिच्यात थोडी तेलाची वाफ असतेच, ते रबर त्यासाठी नाहीच. मग तेलाला टिकणाऱ्या अस्तराचा सिलिकॉन होज आणला, साध्या स्क्रूच्या क्लिपऐवजी टी-बोल्टचे पट्टे. आणि पाईप ताठ बोल्ट केले नाहीत, इंजिन रबरावर हलतं, इंटरकूलर फ्रेमवर स्थिर, त्यामुळे दोन्हीकडे होजचा तुकडा ठेवून मधल्या पाईपाला एकच ब्रॅकेट दिला.

खांबाचा प्रश्न सोपा निघाला. टर्बोचं हवेचं हाऊसिंग सैल करून फिरवता येतं, हवा सोडणारं तोंड तीसेक डिग्री खाली वळवलं की झालं. पण ह्या सोपेपणाने मी शेफारलो आणि जागा मिळते म्हणून मधला भाग, ज्यात बेअरिंग असतात, तोही थोडा फिरवला. त्याने तेल परत जायची नळी जवळजवळ आडवी झाली. चालू केलं तर निळा धूर. मला वाटलं टर्बो परत गेला, घशाला कोरड. टर्बोवाल्याला फोन केला तर त्याने पहिलाच प्रश्न विचारला, रिटर्न नळी सरळ खाली जाते का? टर्बोत तेल दाबाने येतं पण परत फक्त वजनाने जातं, तेही फेसाळलेलं. वाटेत खोलगट भाग आला किंवा नळी बारीक असली की तेल तुंबतं आणि सीलमधून दोन्हीकडे बाहेर पडतं. मधला भाग परत सरळ केला, जाड नळी टाकली, धूर गायब. खर्च शून्य, पण एक रात्र झोप नाही.

इनटेकच्या बाजूला ६बीटीमध्ये एक सोय आहे, हवेची पेटी हेडमध्येच ओतलेली असते आणि वर नुसतं झाकण. आम्ही १२ मिमी प्लेटचं नवीन झाकण कापून त्यावर हवा त्या कोनात पाईप वेल्ड केला. वेल्ड करताना प्लेट दुसऱ्या जाड प्लेटवर बोल्ट करून धरली, तरी जराशी वाकलीच, सरफेस ग्राइंडरवर एक हात मारून घ्यावा लागला.

गळती तपासायचा जुगाड सांगतो, हा मला फार आवडला. चार इंची पीव्हीसीचं एंडकॅप घेतलं, त्याला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवला, टर्बोच्या हवा ओढणाऱ्या तोंडावर होजने लावलं आणि पंक्चरवाल्याच्या मशीनने हळूहळू एक किलो हवा भरली. साबणाचं पाणी मारत फिरलं की बुडबुडे दिसतात. पण ते कॅप दोरीने बांधा आणि समोर उभे राहू नका, एक किलोला त्या कॅपवर ऐंशी किलोच्या आसपास जोर येतो. आमचं पहिल्यांदा सुटलं आणि शेडच्या पत्र्याला पोचा पाडून खाली आलं. बुडबुडे तीन ठिकाणी होते, त्यातला एक इंटरकूलरच्या टाकीलाच, तो अॅल्युमिनियमचा जोड पुन्हा भरून घेतला.

फिल्टर मात्र कंजुषी न करता घेतला, दोन एलिमेंटचा मोठा ड्राय टाईप, वर धूळ गरगर फिरवून बाहेर टाकणारं प्रीक्लीनर, आणि पाईपात सक्शनचं इंडिकेटर, जे २५ इंच पाण्याच्या सक्शनला लाल होतं. हे इंजिन १८०० आरपीएमला बूस्टवर मिनिटाला आठ-साडेआठ हजार लिटर हवा ओढतं, आणि ती हवा क्रशरशेजारची. मामाची पोरं आधी रोज फिल्टर काढून आपटायची, आता इंडिकेटर लाल झाल्याशिवाय उघडायचा नाही असं सांगून ठेवलंय, कारण उगाच उघडला की दरवेळी थोडी धूळ आत जातेच.

खंडेनवमीला हार घालून नारळ फोडला. सगळं परत जुळवल्यावर पहिल्यांदा चालू करण्याआधी डिझेल बंद ठेवून स्टार्टरवर तीन-चारदा फिरवलं, टर्बोपर्यंत तेल पोहोचावं म्हणून, नळीतून तेल आलेलं डोळ्यांनी बघितलं आणि मगच सुरू केलं. बंद करतानाही चार मिनिटं मोकळं चालवायचं, हे ऑपरेटरच्या गळी उतरवायलाच दोन आठवडे लागले, त्याला जेवायची घाई असते.

कुणी विचारायच्या आधी सांगतो, हे ट्रॉलीवरच्या मशीनचं आहे. रस्त्यावरच्या गाडीत असे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतात, आधी आरटीओत विचारा.

आजपर्यंत सव्वाचारशे तास झालेत. मधल्या पाईपाचा ब्रॅकेट दोनशे तासांच्या आसपास तडकला, तात्याने खाली रबर घालून नवीन लावला. सायलेन्सरच्या फ्लेंजमधून सकाळी गार असताना थोडा फुसफुस आवाज येतो, गरम झाला की थांबतो. तिथे जुनीच गॅस्केट परत बसवली होती, ती मीच. मामाला अजून सांगितलेलं नाही.